१९१२१९६१ : मुक्तिदिनाच्या तारखेची संख्या हाताने कशी उलगडायची

प्रश्न फोंड्याच्या एका माध्यमिक शाळेतल्या गणिताच्या बाईंचा आहे. गोवा मुक्तिदिनाला, म्हणजे १९ डिसेंबरला, वर्गात लावायच्या तक्त्यासाठी त्यांनी १९/१२/१९६१ ही तारीख तिरक्या रेघा काढून एकच संख्या म्हणून लिहिली : १,९१,२१,९६१. मुलांनी विचारले, ही मूळ संख्या आहे का? संगणकाने ३ × १९ × ३३५४७३ असे उत्तर दिले. आता बाईंना हे मुलांसमोर फळ्यावर सिद्ध करायचे आहे, आणि या संख्येचे आणखी कोणते गुणधर्म दाखवता येतील तेही हवे आहे.

आधी निकाल. संगणकाचे उत्तर बरोबर आहे. ३ आणि १९ पाच मिनिटांत निघतात. खरे काम ३३५४७३ मूळ आहे हे दाखवण्याचे, आणि बहुतेक जण नेमके तेच गाळतात. "लहान भाजक लागत नाहीत, म्हणजे मूळच असणार" हे गणितात चालत नाही. सुदैवाने या संख्येसाठी एक देखणी वाट आहे : शंभरावर भागाकारांऐवजी एकोणीस वजाबाक्या.

३ पासून सुरुवात करू. अंकांची बेरीज १+९+१+२+१+९+६+१ = ३०. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणून संख्येत ३ एकदाच आहे. एवढ्यावरून आणखी एक गोष्ट फुकट मिळते : ही संख्या कोणाचाही वर्ग, घन किंवा वरचा घात असू शकत नाही, कारण तसे असते तर ३ निदान दोनदा आला असता. बेरीज अंकांच्या क्रमावर अवलंबून नसते, त्यामुळे मुलांनी हीच तारीख १९६११२१९ अशी वर्ष आधी घेऊन लिहिली तरी ३ चा भाग जाणारच.

१९१२१९६१ ÷ ३ = ६३७३९८७. आता ७, ११ आणि १३ एका फटक्यात तपासायचे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजा-अधिक करा : ९८७ − ३७३ + ६ = ६२०. ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे ६२० ची या तिघांनी येणारी बाकी म्हणजेच ६३७३९८७ ची बाकी. ती अनुक्रमे ४, ४ आणि ९ येते. तिन्ही बाद. १७ ने भागल्यास बाकी ७, तोही बाद.

मग १९. इथे थोडे थांबा, कारण मुलांना हा भाग सर्वांत आवडेल. १९ ची कसोटी अशी : एकम स्थानचा अंक काढून त्याची दुप्पट उरलेल्या संख्येत मिळवायची. पूर्ण तारखेवरच करून बघा.

१९१२१९६१ → १९१२१९६ + २ = १९१२१९८
१९१२१९८ → १९१२१९ + १६ = १९१२३५
१९१२३५ → १९१२३ + १० = १९१३३
१९१३३ → १९१३ + ६ = १९१९

१९१९ म्हणजे १९ × १०१, इथे हात थांबवायचा. कसोटी चालते कशी? संख्या १०अ + ब धरा. तिची दुप्पट २०अ + २ब, म्हणजे १९अ + (अ + २ब). १९अ ला १९ ने भाग जातोच, तेव्हा सगळा निवाडा अ + २ब वर येतो. यात एक चूक नेहमी होते. भाग जात नसेल तेव्हा शेवटी उरलेली बाकी ही सुरुवातीच्या संख्येची बाकी नव्हे. प्रत्येक पायरीला बाकी दुप्पट होत जाते. ही कसोटी "जातो की नाही" एवढेच सांगते. बाकी हवी असेल तर सरळ भागाकार करा.

तारखेत दिवसही १९ आणि भाजकही १९, हे पाहून मुले विचारतील की हे मुद्दाम जुळले का. फोड करून दाखवा : १९१२१९६१ = १९०००००० + १२१९६१. पहिल्या भागाला १९ ने भाग जातो तो दिवस १९ असल्यामुळेच. दुसरा भाग, म्हणजे महिना आणि वर्ष, १२१९६१ = १९ × ६४१९. हा दुसरा भाग मात्र निव्वळ योग. १९ तारखेची कोणतीही घटना घ्या, फक्त महिना-वर्षाचा तुकडा तपासला की पुरे. आणि क्रम बदलला तर १९ टिकत नाही : १९६११२१९ ला १९ ने भागल्यास ८ उरतात.

६३७३९८७ ÷ १९ = ३३५४७३. आता दोन गोष्टी विसरू नका. पहिली, निघालेला भाजक पुन्हा लावून बघायचा : ३३५४७३ ला १९ ने भागल्यास बाकी ९, म्हणजे १९ एकदाच. दुसरी, पुढची तपासणी कुठवर करायची ते नव्याने ठरवायचे. १९१२१९६१ चे वर्गमूळ ४३७२ च्या थोडे पुढे आहे, पण ते आता आपल्या कामाचे नाही. ३३५४७३ चे वर्गमूळ ५७९ आणि थोडे. तेव्हा ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या पुरेत. त्या १०६ आहेत.

सरळ भागाकाराने जायचे तर वर्गातल्या मुलांना प्रत्येकी तीन-चार मूळ संख्या वाटून द्या, एका तासात होते. पण उत्तरे स्प्रेडशीटवर तपासणार असाल तर सांभाळून. रकाना दोन दशांश स्थळे दाखवत असेल तर ३३५४७३ ÷ २४१ चे उत्तर १३९२.०० असे दिसेल आणि भाजक सापडला असे वाटेल. खरे उत्तर १३९२.००४१… आहे. २४१ × १३९२ = ३३५४७२, एकाने हुकले. २९ चेही तसेच, २९ × ११५६८ = ३३५४७२. ५९ उलट्या बाजूने एकाने हुकतो, ५९ × ५६८६ = ३३५४७४. म्हणून नियम असा ठेवा : भागाकारावर विश्वास नाही, उलटा गुणाकार करून बाकी वहीत लिहायची.

आता ती दुसरी वाट. ३३५४७३ ला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. अशा विषम संख्येसाठी ऑयलरने दाखवलेला नियम आहे : तिची दोन वर्गांची बेरीज अशी फोड एकाच प्रकारे होत असेल, आणि त्या फोडीतल्या दोन संख्यांना सामाईक भाजक नसेल, तर ती संख्या मूळ असते. यामागचे कारण मुलांना सांगण्यासारखे आहे. सामाईक भाजक नसलेल्या दोन वर्गांच्या बेरजेला जे विषम मूळ भाजक असतात, ते सगळे ४ ने भागल्यास १ उरणारेच असतात, आणि असा प्रत्येक मूळ भाजक स्वतःही दोन वर्गांची बेरीज असतो. आता ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिलेली क्रिया घ्या :

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक − बड)² + (अड + बक)² = (अक + बड)² + (अड − बक)²

म्हणजे अशा दोन संख्यांचा गुणाकार केला की फोडी दोन मिळतात. ५ = २² + १² आणि १३ = ३² + २²; त्यांचा गुणाकार ६५ = ८² + १² = ७² + ४². संख्या संयुक्त असेल तर दुसरी फोड कुठेतरी लपलेली असणारच. ती नाही असे दाखवले की काम झाले.

तर ३३५४७३ = क्ष² + य² अशा सगळ्या फोडी शोधायच्या. बेरीज विषम आहे, म्हणून एक संख्या सम, एक विषम. सम संख्येला य म्हणू. ती ५७८ पेक्षा मोठी असू शकत नाही. आता चाळण्या लावू.

शेवटचा अंक : वर्गाच्या शेवटी ०, १, ४, ५, ६, ९ एवढेच अंक येतात. दोन वर्गांच्या बेरजेच्या शेवटी ३ यायला ४ आणि ९ ही एकच जोडी चालते. य सम असल्याने तिच्या वर्गाच्या शेवटी ४, म्हणजे य च्या शेवटी २ किंवा ८.

१६ ची बाकी : ३३५४७३ ची बाकी १. सम वर्गाची बाकी ० किंवा ४, विषम वर्गाची १ किंवा ९. बेरीज १ यायला ० आणि १ हीच जोडी. म्हणून य ला ४ ने भाग गेलाच पाहिजे. एवढ्यावर उरतात ८, १२, २८, ३२, ४८, ५२ असे करत ५७२ पर्यंत, एकूण ५८.

९ ची बाकी : अंकांची बेरीज २५, म्हणजे बाकी ७. वर्गांच्या बाक्या ०, १, ४, ७. बेरीज ७ यायला ० आणि ७. म्हणून य ला ३ ने भाग जातो, किंवा ९ ने भागल्यास ४ वा ५ उरतात. ५८ पैकी ३२ उरले.

७ ची बाकी : ३३५४७३ ची बाकी ५, वर्गांच्या बाक्या ०, १, २, ४, जोडी फक्त १ आणि ४. म्हणून य ची बाकी १, २, ५ किंवा ६. आता १९ उरले :

१२, ४८, ६८, ७२, १३२, १४८, २१२, २८८, २९२, ३२८, ३४८, ३७२, ४०८, ४२८, ४३२, ४६८, ४९२, ५५२, ५७२.

प्रत्येकीचा वर्ग ३३५४७३ मधून वजा करायचा आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते बघायचे. १२ घेतला तर उरतात ३३५३२९; ५७९² = ३३५२४१, ५८०² = ३३६४००, मधेच पडले. १३२ ला उरतात ३१८०४९, ५६४² ला ४७ कमी. १४८ ला ३१३५६९, ५६०² ला ३१ कमी. २१२ वर जपून : उरतात २९०५२९ आणि ५३९² = २९०५२१. फरक फक्त ८. वर्गमूळ कॅल्क्युलेटरवर काढले तर ५३९.००७ असे काहीतरी दिसते आणि घाईत ते ५३९ म्हणून लिहिले जाते. ५७२ लाही तोच सापळा, तोही ८ चाच : उरतात ८२८९, आणि ९१² = ८२८१.

३४८ वर मात्र नेमके बसते. ३४८² = १२११०४, उरतात २१४३६९, आणि ४६३² = २१४३६९. बाकीच्या तेरा ओळी मुलांकडून भरून घ्या, एकही वर्ग निघत नाही. म्हणून

३३५४७३ = ४६३² + ३४८²

ही एकमेव फोड. ४६३ स्वतः मूळ आहे आणि ३४८ पेक्षा मोठी, त्यामुळे सामाईक भाजक नाही. ३३५४७३ मूळ आहे, सिद्ध झाले. फळ्याचा अर्धा भाग आणि आठवी-नववीची बाकी काढण्याची समज, एवढेच यात लागते.

संगणक हीच फोड वेगळ्या बाजूने काढतो, आणि ज्या मुलांना मसाविची भागाकार पद्धत येते त्यांना हे दाखवावेच. २ चा ४१९३४ वा घात ३३५४७३ ने भागला तर बाकी ११०८५९ येते. (एवढा घात प्रत्यक्ष काढत नाहीत. वर्ग करत, दर पायरीला बाकी घेत पुढे जातात, पंधराएक पायऱ्यांत होते.) या ११०८५९ ची खुबी अशी की तिच्या वर्गात १ मिळवला की ३३५४७३ ने निःशेष भाग जातो : ११०८५९² + १ = ३३५४७३ × ३६६३४. आता मसावि काढतो तसे भागत चला. ३३५४७३ ला ११०८५९ ने भागून बाकी २८९६. ११०८५९ ला २८९६ ने भागून ८११. २८९६ ला ८११ ने भागून ४६३. ८११ ला ४६३ ने भागून ३४८. वर्गमूळ ५७९ च्या खाली आलेल्या पहिल्या दोन बाक्या म्हणजेच आपल्या दोन संख्या.

याच आकडेमोडीवरून "२ च्या ३३५४७२ व्या घाताची बाकी १ येते, म्हणून संख्या मूळ" असे म्हणायचा मोह होतो. ते पुरेसे नाही. ३४१ = ११ × ३१ ही संयुक्त संख्याही २ च्या ३४० व्या घाताला बाकी १ देते. ही परीक्षा नापास झाली तर संख्या नक्की संयुक्त. पास झाली तर फक्त संशय बळावतो.

एकदा १९१२१९६१ = ३ × १९ × ३३५४७३ हाती आले की पुष्कळ गोष्टी एका ओळीत निघतात. भाजक आठ : १, ३, १९, ५७, ३३५४७३, १००६४१९, ६३७३९८७ आणि ती स्वतः. त्यांची बेरीज (१+३)(१+१९)(१+३३५४७३) = ४ × २० × ३३५४७४ = २,६८,३७,९२०. स्वतःला वगळून बेरीज ७७,१५,९५९, म्हणजे संख्येपेक्षा बरीच कमी. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सामाईक भाजक नसलेल्या संख्या २ × १८ × ३३५४७२ = १,२०,७६,९९२. द्विमान पद्धतीत तिला २५ अंक लागतात, त्यांत १ बारा वेळा येतो.

तक्त्यासाठी चित्र हवे असेल तर चिऱ्यांचे काढा, आपल्याकडे मुलांना ते रोज दिसतात. इतके चिरे जमिनीवर आयतात मांडायचे तर चारच मांडण्या : १, ३, १९ किंवा ५७ ओळींच्या. चौरस कधीच नाही. दोन चौरसही नाहीत, आणि याचे कारण छोटे आहे : दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा तर दोन्ही वर्गांना ३ ने भाग जावा लागतो, मग बेरजेला ९ ने भाग गेलाच पाहिजे, आणि आपल्या संख्येला तो जात नाही. तीन चौरस मात्र जमतात : ४३७२² + ६४² + ५९² = १९१२१९६१. पडताळा : १,९१,१४,३८४ + ४,०९६ + ३,४८१.

आयतांच्या चार मांडण्यांवरून दोन वर्गांच्या वजाबाकीच्याही चार फोडी मिळतात. ५७ × ३३५४७३ वरून १६७७६५² − १६७७०८², १९ × १००६४१९ वरून ५०३२१९² − ५०३२००², आणि तशाच आणखी दोन. फर्माची अवयव काढण्याची रीत याच वजाबाकीवर चालते, वर्गमूळाच्या पुढच्या संख्येपासून एकेक वर चढत. आपल्या संख्येवर ती लावू नका. ४३७३ पासून निघून १६७७६५ पर्यंत पोचायला १,६३,३९३ प्रयत्न लागतात. दोन भाजक एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ती रीत पटकन फळ देते. इथे जवळात जवळची जोडी ५७ आणि ३३५४७३ आहे.

कापरेकरांच्या कसोट्याही लावून बघा. देवळालीच्या या शाळामास्तरांनी जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला हर्षद म्हटले. आपली बेरीज ३० आणि संख्या विषम, तेव्हा ती हर्षद नाही. ती स्वयंभू आहे का, हा प्रश्न अधिक गोड आहे. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जी अशी कोणापासूनच जन्मत नाही ती स्वयंभू. ९ च्या बाकीवरून कळते की जन्मदात्या संख्येच्या अंकांची बेरीज ६, १५, २४, ३३, ४२, ५१ किंवा ६० यांपैकीच असायला हवी. सातही वजा करून बघा, एकच जमते : १९१२१९२८. तिच्या अंकांची बेरीज ३३, आणि १९१२१९२८ + ३३ = १९१२१९६१. म्हणजे आपली संख्या स्वयंभू नाही, तिला एकच जन्मदाती आहे.

बाई, पुढच्या तक्त्याला घटक राज्याची तारीख, ३० मे १९८७, घेणार असाल तर एक खबरदारी. ३००५१९८७ मधून ३ आणि ७ लगेच सुटतात आणि १४३१०४७ उरते. तिला ४ ने भागल्यास बाकी ३ येते. अशी संख्या दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही, त्यामुळे वरची चाळणी तिथे लावायला जाऊ नका. तिथे ११९६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी सरळ भागाकार, उलटा गुणाकार आणि प्रत्येक बाकी वहीत.